माशी कुठं शिंकली?

मराठीत बंदुकीसाठी वेगळे शब्द पाडायचा कुणाला तरी कंटाळा आला असावा. घरातलेच शब्द उचलून तिला चिकटवले आहेत. नळीच्या पुढच्या टोकाशी नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो ती 'माशी'. हीच माशी शिंकली की ठरलेली लग्नं मोडतात आणि मंजूर झालेली कर्जं अडकतात. बोटानं जो ओढायचा तो 'चाप'. हा एरवी बायका केसांना लावतात आणि सरकार खर्चाला. जिथं धरायचं ती 'मूठ'. झाकलेली असेल तर सव्वा लाखाची, उघडली की खरी किंमत कळते. आणि हे सगळं जमवून साधायचा तो 'नेम'. हा तर आपल्याकडे नसण्याबद्दलच प्रसिद्ध. पावसाचा नेम नाही, एस.टी.चा नेम नाही, पाहुण्यांचा नेम नाही, आणि सोलापुरात राहणाऱ्याला नळाच्या पाण्याचा तर मुळीच नाही.

एवढी भाषिक तयारी असल्यामुळे आमच्या पुतणीनं, "काका, आधी चाप बदलू की माशी?" असं विचारलं तेव्हा मला प्रश्न कळला नाही तरी त्यातले शब्द सगळे कळले. हल्लीच्या पिढीच्या प्रश्नांच्या बाबतीत हेही नसे थोडके.

पुतणी म्हणजे आमच्या शेंडेफळ भावाची मुलगी. वय एकोणीस. ती बी.कॉम. करते असं तिचे आईवडील सांगतात आणि दहा मीटर एअर पिस्तूल मारते असं ती सांगते. आमच्या घराण्यात हत्यार म्हणून आजवर विळी आणि अडकित्ता यांपलीकडे काही आलेलं नव्हतं. माझ्या आजोबांनी १९३० सालच्या मे महिन्यातला सोलापूरचा गोळीबार आणि मागोमाग आलेला मार्शल लॉ डोळ्यांनी पाहिला होता. १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्याला फासावर गेले, तेव्हा शहरात चूल पेटली नव्हती असं ते सांगत. चार पुतळ्यांवरून जाताना ते पायातली वहाण काढीत आणि 'बंदूक' हा शब्द घरात कुणाला काढू देत नसत. त्याच घराच्या जिन्यातून आता आमची वहिनी रोज सकाळी ओरडते, "अगं, डबा घेतलास, पिस्तूल विसरलीस की!"

आजोबा असते तर काय म्हणाले असते याचा मी विचार करतो. बहुधा आधी डब्यात काय आहे ते विचारलं असतं.

तसा माझाही नेमबाजीशी अगदीच संबंध नाही असं नाही. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला तो टाळताच येत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि मग होम मैदानावर गड्डा लागतो. गड्ड्यात पाळणे असतात, मौत का कुआ असतो, आणि एका फळीवर रंगीत फुगे लावलेला बंदूकवाला असतो. या बंदूकवाल्याच्या बंदुकीची माशी वाकडी असते. ती वाकडी आहे हे त्याला माहीत असतं, आपल्याला माहीत असतं, आणि आपल्याला माहीत आहे हेही त्याला माहीत असतं. उभयपक्षी मान्य असलेला इतका प्रामाणिक अप्रामाणिकपणा मी दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात पाहिलेला नाही. आमच्या गल्लीतली जाणती मंडळी पहिली गोळी नुसती अंदाज घेण्यासाठी उडवीत. ती दोन फुगे डावीकडं गेली की मग तांबडा फोडायचा असेल तेव्हा उजवीकडच्या पिवळ्यावर नेम धरीत, आणि धडाधड फुगे फुटत. बंदूकवाला मग घाईघाईनं बंदूक बदलून देई.

ही गोष्ट मी पुतणीला सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. माशी वाकडी असली तरी चालते, काका. रोज तेवढीच वाकडी असली म्हणजे झालं."

मला हे वाक्य फार आवडलं. वाकडेपणाला नेम असला की त्याच्याबरोबर संसार करता येतो, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकलो असतो; पण ही सोय इतक्या कोवळ्या वयात कळावी याचं नवल वाटलं.

तिची नेमबाजी चालते ती एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. दहा मीटर म्हणजे तेहतीस फुटांच्या आत. एका ओळीत चार माग बसत होते तिथं आता चार पोरं उभी राहतात. शेजारच्या शेडमधले माग अजून चालू आहेत, त्यामुळे ध्यानधारणेला खटखट खटखट अशी कायमची साथ. मे महिन्यात वरचे पत्रे तापले की आत भट्टी होते. कपाळावरून निघालेला घाम भुवईत अडतो, आणि ऐन वेळी डोळ्यात उतरतो. मी एकदा बघायला गेलो. खुर्ची दिली त्यांनी. समोर एक काळा गोल, त्याच्या मध्यात दहा गुणांचं वर्तुळ. हे दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या सदऱ्याच्या बटणाएवढं. सव्वा तासात साठ गोळ्या. सहाशेपैकी गुण. पुतणीचे सरासरी पाचशे अठ्ठेचाळीस पडत होते. मला ते पहिल्या वर्गाच्याही वर वाटले. पण या परीक्षेत मोठ्या स्पर्धांची अंतिम फेरी पावणेसहाशेच्या पुढं सुरू होते. जगात काही ठिकाणी अजून खरी गुणवत्ता यादी आहे, हे पाहून बरं वाटलं.

तिथं मला एक धक्का बसला. मला वाटत होतं, नेमबाज लक्ष्याकडं बघत असतो. लहानपणापासून द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट ऐकलेली. झाड दिसतं का? नाही. फांदी दिसते का? नाही. फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो, शाब्बास अर्जुना! पिस्तूलवाल्या सरांनी अर्जुनाला नापास केला असता. कारण इथं लक्ष्य स्पष्ट दिसलं तर चुकलं. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच असते, पुढं माशी, आणि त्याच्या पुढं तेहतीस फुटांवर तो काळा गोल. माणसाचा डोळा एका वेळी या तिघांपैकी एकालाच स्वच्छ पाहू शकतो. सर म्हणतात, माशी स्वच्छ पाहा आणि गोल धूसर राहू द्या. म्हणजे जे आपल्या हातात आहे ते लख्ख दिसलं पाहिजे आणि जे मिळवायचं ते धुरकट असलं तरी बेहत्तर. हे तर थेट कुरुक्षेत्रावरचं तत्त्वज्ञान झालं, फळाकडं न बघता कर्माकडं बघ वगैरे. म्हणजे द्रोणाचार्यांकडं पास झालेल्या अर्जुनाला पुढं श्रीकृष्णाची शिकवणी का लावावी लागली याचा उलगडा मला सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये झाला.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. पेन्शनर माणसाला हिशोब केल्याशिवाय अध्यात्म पचत नाही. खाच आणि माशी यांच्यात साधारण तेहतीस सेंटिमीटर अंतर. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट. तेव्हा माशी खाचेच्या मध्यातून एक मिलिमीटर सरकली की गोळी तिकडं तीस मिलिमीटर सरकते. दहाच्या जागी सात! पण हात सबंधच्या सबंध, खाच-माशी जुळलेली ठेवून, एक मिलिमीटर बाजूला गेला तर गोळीही एकच मिलिमीटर जाते. दहाचे दहाच राहतात. म्हणजे हात थरथरणं हा गुन्हा नाही. हात सगळ्यांचाच हलतो, जगज्जेत्यांचाही हलतो. आतली दोन टोकं एकमेकांपासून ढळणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तीसपट शिक्षा आहे. ही कलमं कुणी बसवली कोण जाणे, पण मला ती आपल्या दंडसंहितेपेक्षा न्याय्य वाटली.

आता माशी ढळते कशामुळे? बहुतेक वेळा चापामुळे. सगळं जुळून आलेलं असतं, नेमक्या त्या क्षणी बोटाला घाई होते, चाप हिसकला जातो, आणि माशी शिंकते.

चापाचंही एक शास्त्र आहे. एअर पिस्तुलाचा चाप निदान पाचशे ग्रॅमचा असलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्पर्धेत पंच अर्ध्या किलोचं वजन चापाला अडकवून पिस्तूल नळी वर करून उभं उचलतात. वजन तोलून धरलं तर ठीक. चाप सुटला तर पिस्तूल बाद. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला एक किलो. पन्नास मीटरच्या पिस्तुलाला मात्र चापाच्या वजनाची अटच नव्हती, हलवायचा म्हणून मनात आणलं की सुटावा इतका नाजूक ठेवता येई. तो प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला. मला त्या अर्ध्या किलोचं फार कौतुक वाटतं. गोळी सुटण्यापूर्वी माणसानं निदान अर्धा किलो जोर लावून तशी इच्छा केली पाहिजे, असं कायदाच म्हणतो! जिभेला असा चाप असता तर? लग्नकार्यात विहिणी बोलायच्या आधी कुणी तरी वजन लावून बघतंय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी गहिवरलो. आणि हातातल्या मोबाईलच्या बटणाला तर पाच ग्रॅमसुद्धा लागत नाहीत. बोट टेकलं की निरोप गेला. निम्म्या सोलापूरला आपलं मत कळलं.

चांगल्या चापाला दोन पायऱ्या असतात. पहिली मऊ. ती संपते तिथं बोटाला एक हलकी भिंत लागते. त्या भिंतीवर बोट ठेवून, माशीकडं बघत, दाब वाढवत राहायचं. कधी सुटेल ते आपण ठरवायचं नाही. गोळी सुटली की नेमबाजाला स्वतःलाच किंचित आश्चर्य वाटलं पाहिजे, म्हणतात. 'आत्ता!' असं मनात म्हणून जो ओढतो त्याची गोळी खाली जाते. सुटावी अशी इच्छा पुरेपूर आपली, पण सुटण्याचा क्षण आपला नाही. मुलींची लग्नं जमवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तर प्रश्न असा होता. पुतणीचं पिस्तूल जुनं, एका नेमबाज गृहस्थानं वापरून विकलेलं. परदेशी बनावटीचं नवं घ्यायचं तर लाख-दीड लाखाच्या पुढचीच भाषा. या जुन्याचा चाप लहरी झाला होता. कधी भिंतीवर बोट लागताच सुटे, कधी अडून बसे. माशीमागची खाच तिच्या नजरेला अरुंद होती, कडांचा काळा रंग उडून त्या चमकत होत्या. स्क्रू फिरवून होण्यासारखं होतं ते सरांनी सगळं करून झालं होतं. पूर्वीचे लोक चमकणाऱ्या माशीला मेणबत्तीची काजळी धरीत, तेही झालं. आता सुटे भाग मागवायचे. चापाची नवी यंत्रणा किंवा नवी खाच-माशी. पैसे होते वहिनीच्या भिशीचे, आणि ते एकालाच पुरणारे. राज्य स्पर्धा चार महिन्यांवर.

आमच्या घरात कुठलाही प्रश्न एकट्यानं सोडवायची पद्धत नाही. भाऊ बँकेत होता. त्याचं मत पडलं की आधी माशी. "दिसलंच नाही तर चाप ओढून काय करायचं? आधी नीट दिसू दे." कर्जाची प्रकरणं तपासण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्याला सगळं स्पष्ट दिसायला हवं. वहिनी म्हणाली, दोन्ही राहू द्या, आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. आमच्या हिनं मोठा मुद्दा काढला. ती म्हणाली, "त्या टीव्हीवरच्या माणसाकडं काय होतं? खिशात हात घालून उभा होता तो!"

हा माणूस म्हणजे तुर्कस्तानचा युसूफ दिकेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेतलं. वय एक्कावन्न. नेहमीचा चष्मा, अंगात टी-शर्ट, डावा हात पँटच्या खिशात. भाजी आणायला निघालेला माणूस वाटेत पदक घेऊन गेला असं ते चित्र. जगभरच्या मध्यमवर्गीयांना तो एका दिवसात आपला वाटू लागला. बघा, साधनांचं काही अडत नाही! पण त्या फोटोत सगळ्यांनी त्याचा खिशातला हात पाहिला. दुसऱ्या हातात स्पर्धेचं उत्तम जातीचं पिस्तूल होतं तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. साधेपणाचं कौतुक करताना आपण नेहमी खिशातलाच हात बघतो.

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपल्याकडं फार जोरात चालते. माझा या म्हणीवर जुना राग आहे. ती नेहमी अंगणाच्या मालकानं नाचणाऱ्याला ऐकवलेली असते. अंगण खरोखरच वाकडं असतं तेव्हा काय करायचं, याबद्दल म्हण गप्प. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत नादुरुस्त झालं. दुरुस्तीत कितीतरी मिनिटं गेली, उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या, आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तेव्हा या म्हणीचा चौफेर वापर झाला. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं आणली, तेव्हा अंगणाबद्दल कुणी बोललं नाही. उलट हंगेरीचा कारोली टाकाच. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, पिस्तुलाचा हात, निकामी झाला. त्यानं चुपचाप डाव्या हातानं सराव केला आणि १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. ही गोष्ट थोर आहे यात शंका नाही. पण ती दुसऱ्याच्या मुलाला सांगायची गोष्ट आहे. आपल्या मुलीला "टाकाच बघ!" म्हणायचं आणि भिशीचे पैसे सोफ्याच्या कापडाला वापरायचे, हे काही मला पटेना.

आणि कोल्हापूरकरांचा विषय निघाल्याशिवाय सोलापुरात कुठलीच चर्चा पुरी होत नाही. भाऊ म्हणाला, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, भारतीय महिला नेमबाजाचं या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलचं कांस्य आणलं, तेही रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करून. "तिकडं माशीही तीच आणि चापही तोच असतो," वहिनी म्हणाली, "पाणी वेगळं असेल." पाण्याचा विषय निघाल्यावर त्या दिवशीची चर्चा तिथंच थांबली.

मी मात्र रात्री विचार करत पडलो. मला हा प्रश्न पिस्तुलाचा वाटेचना. माशी म्हणजे कळणं आणि चाप म्हणजे वळणं. आपल्याकडं 'कळतं पण वळत नाही' असं म्हणतात, तसं म्हणणारा पहिला माणूस दुर्योधन. धर्म कोणता ते मला ठाऊक आहे, पण माझ्या हातून तो होत नाही, अशी त्याची तक्रार सांगतात. त्याची माशी लख्ख होती, चाप बिघडलेला होता. समोर उभ्या अर्जुनाचं उलटं. चाप जगात एक नंबरचा, पण ऐन युद्धात माशी धूसर झाली. एकासाठी अठरा अध्याय खर्ची पडले आणि माशी साफ झाली. दुसऱ्याचा चाप दुरुस्त करायला मात्र खुद्द कृष्ण शिष्टाईला जाऊन हात हलवत परत आला. यावरून अवघड काम कोणतं ते दिसतंच.

आपण मंडळी बहुतेक दुर्योधनाच्या बाजूची. पहाटे उठून चालावं हे कुणाला कळत नाही? साखर सोडावी, भावाशी दहा वर्षं धरलेला अबोला सोडावा, हे सगळं आपल्याला लख्ख दिसत असतं. आणि तरी आपण पैसे घालतो ते माशीवरच. माझ्या एका मित्राकडं योगासनांची सात पुस्तकं आहेत. आठवं त्यानं परवा घेतलं, कारण त्यातली चित्रं जास्त स्पष्ट आहेत. नवी माशी चारचौघांत दाखवता येते. चाप आत असतो. तो सुधारला हे कुणाला दिसत नाही, नुसतं जाणवतं, आणि तेही ज्याचं त्याला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एक जुना जॉबर आला होता. गिरणीत तीस वर्षं माग दुरुस्त केलेला माणूस. गिरणी बंद पडल्यावर शेजारच्या शेडमध्ये बसतो. त्याला मी प्रश्न घातला. तो म्हणाला, "मागाचं बी असंच असतंय की ओ. कापड बिघडायलंय म्हटलं की नवं पोरगं सूत बघत बसतंय, डोळं फाडून. आमी ठोका ऐकायचो. धोट्याचा ठोका एकसारका पडाय लागला की कापड आपोआप सुधारतंय बगा." मग त्यानं पुतणीच्या हातातलं पिस्तूल निरखलं, तिची बोटं निरखली आणि म्हणाला, "पोरीचा हात लहान, आन् मूठ बाप्याची. ते कुणी बघितलंच न्हाई का?"

खरोखरच कुणी बघितलं नव्हतं. चाप आणि माशी यांच्या भांडणात मूठ सगळ्यांच्या हातात असून कुणाच्या लक्षात नव्हती. सरांनी लगेच तिला डोळे मिटून हात उचलायला लावलं. डोळे उघडले तेव्हा माशी खाचेच्या उजव्या कडेला टेकलेली. दर गोळीला ती मनगट वळवून तिला मध्यात आणत होती, दिवसातून साठ वेळा, वर सरावाच्या शंभर. जॉबरनं कानस आणली, लाकूड इथं उतरवलं, तिथं लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. सगळं मिळून चाळीस रुपये आणि दोन चहा. पिस्तूल नियमाच्या खोक्यात, बेचाळीस सेंटिमीटर लांब, वीस उंच आणि पाच रुंद, अजून मावतं ना, ते सरांनी मोजून घेतलं. ही मूठ काही सव्वा लाखाची नव्हती, पण झाकायचीही गरज उरली नाही.

तरी चाप-माशीचा प्रश्न शिल्लक होताच, आणि भिशीचे पैसेही. जॉबरचं ऐकून आता सगळं घर चापाच्या बाजूला झुकलं होतं. फक्त भाऊ झुकेना. दोघेच असताना त्यानं मला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "दादा, आत्ता पाचशे अठ्ठेचाळीस पडले तर पिस्तूल जुनं आहे असं म्हणता येतं. तिलाही आणि मलाही. उद्या चाप नवा घातला आणि तरी तेवढेच पडले, तर?"

मला यावर उत्तर सुचलं नाही. चांगलं हत्यार विकत घेणं म्हणजे हातातली सबब विकून टाकणं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गरिबीचे तोटे सगळे सांगतात. 'परिस्थिती नव्हती म्हणून, नाही तर' या वाक्यात केवढी ऊब आहे ते कुणी सांगत नाही. आमच्या पिढीनं त्या वाक्याची सोलापुरी चादर करून जन्मभर पांघरली. भावाला मुलीच्या अंगावरून ती ओढून घ्यायची नव्हती. बापाचं मन. त्याला कंजूष म्हणणाऱ्यांत मीही होतो, पण हा हिशोब वेगळाच होता.

मी ते पुतणीला सांगितलं. सांगायला नको होतं असं भावाचं मत आहे, माझं नाही. ती पिस्तूल पुसत होती. म्हणाली, "काका, खराब माशीचं मला कळतं. डाव्या कडेला उजेड जास्त दिसला, की गोळी कुठं गेली ते न बघता सांगता येतं. चापाचं तसं नाही. आठ पडला, की मला कळतच नाही, तो माझा आठ आहे की त्याचा. रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे. आठ पडल्यामुळे नाही."

पैसे चापावर गेले. भाग यायला पाच आठवडे लागले, त्यात सीमाशुल्काच्या कागदांनी आमच्या घरचं सगळ्यांचं इंग्रजी सुधारलं. सरांनी चाप बसवला, अर्धा किलोचं वजन टांगून तीनदा बघितला. तिन्ही वेळा तोलून धरला. पहिल्या दिवशी ती साठ गोळ्या मारून घरी आली तेव्हा सगळे जिन्यात उभे. वहिनीनं विचारलं, "किती?"

"पाचशे एकोणचाळीस."

"म्हणजे नऊनं कमी?" वहिनीचा आवाज चढला. "मग भिशीचे पैसे गेले म्हणायचे?"

"पैसे पिस्तुलात आहेत," पुतणी चपला काढत म्हणाली. "एकसष्ट गुण गेले. ते सगळे मी घालवले. कुठले कुठं गेले ते लिहून आणलंय." तिनं पाठीवरच्या पिशवीतून वही काढून बापाच्या हातात दिली, पाटावर बसली, आणि कडक भाकरी मोडून शेंगाचटणीची वाटी पुढं ओढली. भाऊ चष्मा लावून वही वाचत जिन्यातच उभा राहिला.